न जमलेला हायकू

शाळेच्या वाचनालयातून निवृत्त झाल्यावर मी हायकू लिहू लागलो. पाच-सात-पाच अक्षरांच्या तीन ओळी. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला एवढं झेपेल असं वाटलं होतं.

वाचून दाखवायला एकच माणूस होता, केवलचंद. जुन्नरच्या बाजारपेठेत खाली त्याचं साड्यांचं दुकान, वर घर. आम्ही बालपणापासूनचे मित्र. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी गादीच्या कडेला बसून हळू आवाजात वाचायचो.

ढग वाकला
किल्ल्याच्या माथ्यावरी
धुणं काढा गं

पहिल्या दोन ओळी माझ्या आणि तिसरी इंद्रायणीवहिनीची, असं केवलचंद म्हणाला. खरं होतं ते. बायको जाऊन वर्ष उलटलं होतं, तरी तिसऱ्या ओळीत तीच बोलायची. मग मी बिबट्याकडे वळलो.

उसात डोळे
हिरवे आणि शांत
पळा रे पळा

हा वनखात्याच्या पाटीवर शोभेल, म्हणाला. कांद्याच्या शेतावरचा हायकू ‘लाईट गेली’ असा संपला, तेव्हा त्याने तो वीज ऑफिसात नेऊन द्यायला सांगितलं. मला राग येत नसे. तो खोटं बोलत नाही, याचाच आधार होता.

एक मात्र लिहायला फार दिवस लागले. इस्पितळात न्यायच्या सकाळी इंद्रायणी पाय धुऊन दारापर्यंत चालत गेली. कुलूप शोधत मी मागे राहिलो होतो. ती परत आली नाही.

ओली पावलं
फरशीवर तिची
वाळत आली

केवलचंदने दोनदा वाचला. मग कापडाचा गठ्ठा उगाच सारखा केला.

“न्हाई जमलं, रामदास. यात काही घडतच न्हाई.”

कागद तिथेच ठेवून मी घरी आलो आणि लिहिणं सोडलं.

या वैशाखात त्याच्या नातवाचं, पारसचं लग्न झालं. आळेफाट्याहून वरात जुन्नरला आली. नवी सून खुशबू कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून घरात आली, तशी बायकांनी तिला नाव घेण्यासाठी अडवलं. तिने खाली पाहत म्हटलं,

“ओली पावलं फरशीवर वाळत आली दारात,
पारसजींचं नाव घेते सासरच्या घरात.”

टाळ्या पडल्या. केवलचंदची बायको झमकूबाई कौतुकाने सांगत होती की उखाणा आजोबांनी दिला. बायकांनी तो खुशबूला मोबाइलसमोर पुन्हा म्हणायला लावला.

मी केवलचंदला जिन्यात गाठलं. “जमलं नाही म्हणाला होतास.”

“हायकू न्हाईच जमला राव. उखाणा बघ, कसा बसला.”

“तो कशावर आहे, ठाऊक होतं तुला.”

“व्हतं की. म्हणून तर डोक्यातून जाईना.”

“मग विचारायचंस.”

“विचारलं असतं तर दिला असतास?”

वरून झमकूबाई जेवायला हाक मारत होत्या. निघून गेलो असतो तर लोकांनी कारण विचारलं असतं, म्हणून पंगतीत बसलो. केवलचंदने आग्रह करून स्वतःच्या हाताने जिलेबी वाढली, तीही खाल्ली.

त्या दुकानात मी आता जात नाही. घरी आमच्या दारापाशी उभा राहून कधी त्या तीन ओळी म्हणून पाहतो. ‘वाळत आली’पाशी थांबायचं असतं. पण जीभ थांबत नाही, ‘दारात’ म्हणते, आणि मागोमाग पारसचं नाव येतं.