परत मागितलेलं वाण

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. छाया मॅडमनी घट मांडला, कहाणी वाचली, सवाष्णींना हळदीकुंकू लावलं. प्रत्येकीला एक केळं आणि व्रताची पोथी द्यायची रीत. त्या वर्षी, दोन हजार तीन साली, मॅडमनी पोथीच्या जागी मोहिनीचा लेख दिला.

मोहिनी त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी, पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची. द्राक्षांवरच्या भुरी रोगावरचा तिचा लेख परदेशी मासिकात छापून आला होता. पहिलं नाव मॅडमचं, दुसरं तिचं.

"इंग्रजीत कोण वाचणार गं इथे? मराठी कर, झेरॉक्स काढ. विद्येचं वाण, द्यावं तितकं वाढतं," मॅडम म्हणाल्या होत्या. मोहिनीने हौसेनं सगळं केलं, तबकंही फिरवली. तिचा प्रबंध तयार होता. जानेवारीअखेर विद्यापीठात द्यायचा, मॅडमची सही तेवढी राहिली होती.

ही गोष्ट प्राचार्यांच्या कानावर गेली. त्यांनी दोघींना बोलावलं.

"लेखाचे हक्क मासिकाला लिहून दिलेत ना? मग केळ्यांसारखा वाटता काय? उद्या नोटीस आली तर कॉलेजचं नाव जाईल. सगळ्या प्रती माझ्या टेबलावर पाहिजेत. नाहीतर मॅडम, प्रमोशन विसरा."

मॅडम मोहिनीकडे वळल्या. "आणशील ना, बाळ?"

मोहिनी दारोदार गेली.

"अगंबाई, वाण परत मागतात का कुणी?"

"केळं खाल्लं गं मी. साल चालेल?"

हसत हसत दिल्या, पण दिल्या. शेवटची प्रत निफाडला, मॅडमच्या चुलतजाऊ नवसाबाईंकडे. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवली होती, वर हळदीकुंकू वाहिलेलं.

"ह्यात बघून येळेवर गंधक मारलं. शेजारच्या बागा पांढऱ्या पडल्या, आमची हाय अजून हिरवी. नाय द्यायची मी."

"मावशी, माझ्या प्रबंधावरची मॅडमची सही अडकलीय हो."

नवसाबाईंनी प्रत काढून तिच्या हातात ठेवली. "घे. दारातली लक्ष्मी नेलीस बघ." पाणीसुद्धा न विचारता दार लावलं.

प्रती प्राचार्यांनी मोजून फाडल्या. मोहिनी प्रबंध घेऊन मॅडमच्या घरी गेली. त्या वाती वळत बसल्या होत्या.

"सगळ्या मिळाल्या?"

"हो, मॅडम."

"सवाष्णींच्या घरातून दिलेलं वाण उचलून आणलंस. माझं व्रत मोडलं गं."

"तुम्हीच पाठवलंत ना, मॅडम?"

"प्रती आणायला पाठवलं. क्षमा मागावी, बदली वाण ठेवावं, मग उचलावं. तुमच्यात नसेल हे, म्हणून रागावत नाही मी." आवाज नेहमीसारखाच मऊ होता.

मोहिनीने प्रबंध पुढे केला. "सही तेवढी..."

"मोडल्या व्रतावर शुभकार्याची सही करत नाही मी. पुढच्या मार्गशीर्षात पुन्हा पूजा मांडीन. मग बघू."

"मुदत एकतीसला संपते. नोंदणी रद्द होईल माझी."

"देवीच्या मनात असेल तसं."

मॅडमनी वाटीतली चिमूटभर साखर उचलली. मोहिनीने डावा हात पुढे केला, उजव्यात प्रबंध होता.

"प्रसाद डाव्या हातात घेतात का, बाळ?"

मोहिनीने प्रबंध जमिनीवर ठेवला आणि उजवा हात पुढे केला.