दारुहळदीचा खल

मित्रांनो, मी काळ्या दगडाचा खल आहे. माझ्यासमोरच्या काचेवर सोनेरी अक्षरांत 'तीनशे वर्षांपूर्वीचा शाही खल' असं लिहिलेलं आहे. ते वाचून माणसं तोंडाचा चंबू करतात आणि माझा फोटो काढतात. काढोत बापडी. मी जेमतेम पन्नास वर्षांचा आहे, आणि राजाचं सोडाच, एखाद्या हेडक्लार्कपेक्षा मोठ्या माणसाचं औषध मी कधी वाटलेलं नाही.

मला घडवणारा पाथरवट चिडका होता. माझ्याआधीचे तीन खल त्याच्या हातून तडकले होते. मला विकताना तो म्हणाला, "हा नाही तडकायचा. याला अक्कल नाही, पण अंग आहे." त्याला वाटलं, दगडाला ऐकू येत नाही.

मला विकत घेतलं एका वैद्यबाईने. तिचं दुकान बसथांब्यासमोर होतं. पुढे एक बाक आणि लाकडी फळ्यांवर तपकिरी बाटल्या, मागे एक खोली, तिथे मोरी आणि मोरीशेजारी मी. खडबडीत सालींच्या काटक्या आणि मुळं पोत्यातून येत. वरची साल खरवडली की आतून पिवळाधमक रंग निघे. ती दारुहळद. चव इतकी कडू की जिभेवर ठेवणारा आधी थुंकतो आणि मग विचार करतो. वैद्यबाई ती वाळवी, माझ्यात कुटी, वस्त्रगाळ करी. तिची नखं बारा महिने पिवळी असत आणि माझं पोटही.

जुलाब लागलेले, तोंड आलेले, जुनं पोटाचं दुखणं घेऊन आलेले लोक बाकावर बसत. बरेच बरे होत, काही होत नसत. जे होत नसत त्यांना ती सरळ दवाखान्याची वाट दाखवी. ती कुणाशी गोड बोलत नसे. मला ते आवडे.

एके दिवशी एका प्रयोगशाळेतल्या बाई आल्या. त्यांनी मुळाची भुकटी कागदात बांधून नेली आणि वर्षभराने वही घेऊन परत आल्या. म्हणाल्या, या पिवळ्या रंगात बर्बेरिन नावाचं द्रव्य आहे, आणि ते खरोखर काम करतं. आतड्यातल्या जंतूंना आवरतं. रक्तातली साखर आणि चरबी थोडी उतरवतं, असंही काही तपासण्यांत दिसलं आहे. वैद्यबाईचा चेहरा उजळला. मीही जरा फुगलो, खोटं कशाला बोलू?

मग त्या म्हणाल्या, "पण तान्ह्या बाळाला हे देत नाही ना तुम्ही?"

"चिमूटभर देते की. पोट दुखलं तर."

"देऊ नका. जन्मल्यावर पुष्कळ बाळांना कावीळ असते. त्यातली पिवळी घाण रक्तातलं एक प्रथिन धरून ठेवतं. बर्बेरिन तिला तिथून ढकलून मोकळं करतं. मग ती मेंदूत शिरते. गरोदर बाईलाही नको. आणि ज्यांची दुसरी औषधं चालू आहेत त्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको."

चाळीस वर्षं औषध देणाऱ्या बाईला तिच्या निम्म्या वयाची बाई चूक दाखवत होती. मला वाटलं, आता ही तिला हाकलणार. पण वैद्यबाई म्हणाली, "म्हणजे मी आजवर चुकत आले." उठली, दाराजवळच्या फळीवर खडूने ते तिन्ही नियम लिहिले आणि खाली आपलं नाव घातलं. मित्रांनो, मी आयुष्यात आदर करावा असं एवढं एकच माणूस पाहिलं, आणि तेही मुख्यतः त्या एका दुपारसाठी.

पुढे वैद्यबाई वारली. दुकान तिच्या मोठ्या जावयाकडे गेलं. तो याआधी पडद्यांचं कापड विकत असे. पडदा विकताना 'याचा रंग कधीच उडत नाही' म्हणण्याची सवय त्याने औषधांच्या दुकानातही आणली. त्याच्या अंगाला अत्तराचा वास येई आणि बोलण्याला गुळाचा. बाक गेला, गुबगुबीत खुर्च्या आल्या. गिऱ्हाइकं त्याच्यावर खूश होती, यातच गिऱ्हाइकांची काय ती किंमत कळते.

मागच्या खोलीत राहिली वैद्यबाईची धाकटी मुलगी. तिने औषधांचा रीतसर अभ्यासक्रम केला होता. जावई, म्हणजे तिचे भाऊजी, तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवत, कारण ती चुका काढी. भुकटी तीच वाटे. त्या भुकटीचा भाऊजींनी अर्क काढून घेतला, तो इवल्याशा बाटल्यांत भरला आणि त्याला 'सोनेरी थेंब' असं नाव दिलं. वर छापलं, 'शंभर टक्के नैसर्गिक. कोणताही अपाय नाही. जन्मापासून शंभरीपर्यंत.'

मास्तरणीने ते वाचलं आणि वाद घातला. "पुढच्या छपाईत बदलू," असं ते म्हणाले. ती गप्प बसली आणि वाटत राहिली. मला तिचीही कीव आली. जिला कळतं तीच अशी पुढच्या छपाईची वाट बघत बसली, तर पडदेवाल्याला काय बोलायचं?

एका सकाळी अकराच्या सुमाराला भाऊजी चहाचा कप घेऊन मागे आले. फार खुशीत होते.

"मास्तरीणबाई, आपले थेंब आता बाळांनाही चालू झाले."

"कुठल्या बाळाला?"

"अगं, तो पोस्टमन नाही का? त्याची आई आली होती. आठ दिवसांचा नातू. पिवळा पडलाय म्हणाली. म्हटलं, काळजीच सोडा. दोन थेंब सकाळी, दोन संध्याकाळी."

"कधी आली होती?"

"काल सकाळी."

तिने बत्ता हळूच खाली ठेवला. "भाऊजी, आईने फळीवर काय लिहिलं होतं?"

"ती फळी होय? ती मी रंगवून घेतली. दुकानात खडूची अक्षरं बरी दिसत नाहीत."

ती पदराला हात पुसतच निघाली. "अगं, नैसर्गिक आहे ते! झाडाचं मूळ आहे!" असं ते मागून ओरडत राहिले.

पुढचं मी पाहिलेलं नाही. दगड कुठे जाणार? ते तिने नंतर आपल्या मोठ्या बहिणीला, म्हणजे भाऊजींच्या बायकोला, मागच्या खोलीत बसून सांगितलं.

ती धावत पोस्टात गेली. पोस्टमन फेरीवर होता. पत्रं लावणारा कारकून म्हणाला, "घरचा पत्ता असा कुणालाही देता येत नाही."

"पत्ता नका देऊ. मला तिथे घेऊन चला. त्यांचं बाळ आजारी आहे."

कारकुनाने तिच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, आणि स्कूटरची किल्ली उचलली. नियमाच्या माणसांबद्दल माझं मत वाईट आहे, पण याचा अपवाद करतो.

दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. बाळ दुपट्यात गुंडाळून ठेवलेलं. बाळाची आजी कौतुकाने म्हणाली, "थेंबांनी गुण आला बघा. कालपासून रडणंच बंद. किती शहाणा!"

"दूध कधी प्यायला?"

बाळाची आई कोपऱ्यातून म्हणाली, "पहाटे. तेही थोडंसंच. उठवलं तरी उठत नाही हो."

मास्तरणीने बाळाला खिडकीशी उजेडात नेलं आणि दुपटं सोडलं. पिवळेपणा तळपायांपर्यंत उतरला होता. तिने टाचेवर टिचकी मारली. बाळाने पाय जरासा हलवला आणि पुन्हा मान टाकली.

"हा शहाणा नाही, आजी. सुस्त पडलाय. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

आजी दारात आडवी झाली. "तुमच्याच दुकानातलं औषध ना? काल चांगलं होतं आणि आज वाईट झालं?"

"हो, आमचंच. माझ्या हातांनी वाटलेलं. म्हणून तर धावत आले. सरका."

बाळाच्या आईने चपला घातल्या नाहीत की कुणाला विचारलं नाही. बाळ उचललं आणि सासूच्या बाजूने निघून जिना उतरली.

दवाखान्यात बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. कावीळ फार वाढली होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की कावीळ आधीपासून होती, थेंबांनी ती झाली नाही. पण अशा बाळाला हे थेंब देणं म्हणजे आगीजवळ रॉकेल ठेवणं. बाळाला निळ्या दिव्याखाली निजवलं, डोळ्यांवर छोटी पट्टी बांधली. रक्त बदलण्याची तयारी करून ठेवली होती. ती वेळ आली नाही. चौथ्या दिवशी बाळ असं टाहो फोडून रडलं, की त्याची आई हसायला लागली. अशी कावीळ कधी ऐकूही घालवते, म्हणून पुढे त्याचे कान तपासले. ऐकू येतं.

हे ऐकताना मला माझ्या पोटाची शिसारी आली. ते थेंब भेसळीचे असते तर बरं झालं असतं. पण भुकटी चोख होती. मी जीव ओतून वाटली होती. कुणासाठी, हे मी कधी विचारलं नाही. पाथरवट बरोबर बोलला होता.

पाचव्या दिवशी पोस्टमन गणवेशातच दुकानात आला आणि ती बाटली गल्ल्यावर ठेवली. खुर्च्यांवर सातआठ गिऱ्हाइकं होती.

भाऊजी हसून म्हणाले, "अहो, एवढ्याशा थेंबांनी काय होतं?"

पोस्टमन म्हणाला, "काही होत नाही, तर विकता कशाला?"

त्यावर एखाद्या माणसाने मान खाली घातली असती. भाऊजी गिऱ्हाइकांकडे वळून म्हणाले, "बघा, किती जोरकस औषध आहे आपलं!" आणि मित्रांनो, त्यातले दोघं हसले.

मास्तरीण मागून आली. फळीवरच्या बाटल्या तिने ओंजळी भरभरून मोरीपाशी आणल्या आणि एकेक बूच काढून ओतत राहिली. भाऊजी "वेड लागलंय का?" म्हणून किंचाळत होते. तिने एकदाही वर पाहिलं नाही. शेवटची बाटली रिकामी करून ती औषध तपासणीच्या कचेरीत गेली आणि तक्रार लिहून दिली. त्यात स्वतःचं नावही घातलं. तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं, "तुमचं नाव कशाला?" ती म्हणाली, "वाटलं मीच. आणि लेबल वाचूनही मी गप्प बसले होते."

थेंबांवर बंदी आली. भाऊजी आठवडाभर उदास होते, मग साबण विकायला लागले. त्याच सुमाराला त्यांनी मला तेल चोपडून दुकानात काचेमागे बसवलं आणि माझं वय अडीचशे वर्षांनी वाढवलं.

मास्तरीण आता त्या प्रयोगशाळेतल्या बाईंकडे काम करते. तिथे बर्बेरिन मिलिग्रॅममध्ये मोजतात, मोठ्या माणसांनाच देतात, आधी त्यांची चालू औषधं विचारतात, आणि गुण आला नाही तर तसं लिहून ठेवतात. ती जायला निघाली तेव्हा बहिणीने विचारलं, "आईचा खल नेतेस का?"

ती म्हणाली, "नको. तिथे मोजतात. हा नुसता वाटतो."

पाथरवटाची छिन्नीसुद्धा मला इतकी लागली नव्हती. पण तिचं काही चुकलं नाही.

तेव्हा मित्रांनो, माझ्यासारख्या दगडांना नमस्कार करत बसू नका; त्याने कुणाला गुण येत नाही. औषधी झाडांची हेटाळणी करू नका आणि त्यांची आरतीही करू नका. जे मूळ रोगाला हलवतं ते तुमच्या शरीरालाही हलवू शकतं, एवढं डोक्यात ठेवा. किती घ्यायचं, कुणी घ्यायचं नाही, कशाबरोबर घ्यायचं नाही, हे विचारा. विचारल्यावर ज्याला राग येतो त्याच्याकडून काही घेऊ नका. आणि कुणी छातीवर हात ठेवून 'याने काहीच अपाय होत नाही' म्हणाला, तर वाद घालू नका. उठा आणि घरी जा. जाताना शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यालाही उठवा.