सशांची सोयरीक

सासूबाई लीड्सहून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्या आपल्या मेजर नावाच्या सशाला घेऊन. माझी सशीण पुडिंग पहिल्याच दिवशी त्याला कडकडून चावली. "घरचंच वळण!" सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून आमच्या दोघींचंही बोलणं बंद.

न पटणाऱ्या सशांना एका टोपलीत घालून गाडीतून फिरवायचं, हा आमच्याकडचा हमखास उपाय. घाबरले की ते भांडण विसरून एकमेकांना बिलगतात. गाडी माझ्या नवऱ्याच्या, क्लाइव्हच्या हातात. तो गाडी चालवत नाही, उधळवतो. मागे मी आणि सासूबाई, पायाशी टोपली.

पहिल्याच चौकात त्याने समोरचा ट्रक जेमतेम चुकवला.

"मेल्या, ब्रेक दाब!" सासूबाई किंचाळल्या.

"ह्याला गाडी शिकवलीत तरी कशाला?" मी ओरडले.

"मी नाही गं, ह्याच्या बापानं!"

शेवटी बागेपाशी गाडी थांबवून क्लाइव्हने टोपली उघडली. दोन्ही ससे एकमेकांकडे पाठ करून बसले होते.

"नाही जमलं," तो हिरमुसला.

माझा हात अजून सासूबाईंच्या मुठीत होता.

"तू सशांना घेऊन ये," त्या म्हणाल्या. "आम्ही दोघी बसने येतो."