टळलेली तारीख

अमावस्या गेली आणि काहीच हललं नाही. मग काय, गावात गुलालच उधळला. अमावस्येला मोठा भूकंप होणार म्हणून अख्ख्या गावाला शेतात झोपायला लावणारा गुरुसिद्धप्पा आता छाती काढून सांगत होता, "मीच जप करून टाळला की!"

म्हणजे भूकंप झाला असता तरी हाच खरा, नाही झाला तरी हाच थोर.

दानेश्वरी अक्कलकोटच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. रजा टाकून ती गावी आली होती ती वडिलांसाठी. ते, सिद्रामप्पा, शेतातून गाठोडं उचलून पुन्हा माळवदाखाली निघाले होते. दगडामातीच्या भिंती, वर हातभर जाड मातीचं छप्पर. किल्लारीच्या भूकंपात भिंतीला पडलेली भेग त्यांनी चुन्यानं बुजवली होती. झालं, मिटलं.

दारातच तिनं त्यांना अडवलं. "अप्पा, आत झोपायचं न्हाई."

"आता कशाला भ्यायचं? तारीख टळली की."

"तारीख गुरुसिद्धप्पाची होती. जमिनीनं कुणाला तारीख दिली नव्हती."

मागून आलेला गुरुसिद्धप्पा हसला. "मग म्याडम, तुमी सांगा. कदी येनार?"

"सांगता येत नाही."

जमलेले सगळे खिदळले. "एवढं शिकून हेच व्हय?"

"व्हय, हेच!" तिनं अंगणात वाळत घातलेल्या ज्वारीच्या ढिगावर मूठभर दाणे सोडले. "बघा. कधी चार दाणे घसरतात, कधी अख्खी बाजू. सुरुवात दोन्हीची सारखीच. भूकंप सुटतो तेव्हा आपण केवढा होणार, हे त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. ह्यांना कुठनं कळलं?"

"लई बोलतीस," म्हणत अप्पांनी उंबऱ्यात पाय टाकला.

दानेश्वरीनं ओढणी कमरेला बांधली, टिकाव घेतला आणि शिडी चढली. छपराचं पहिलं ढेकूळ गुरुसिद्धप्पाच्या पायाशी फुटलं. तो मागं उडाला.

"ब्याड, दानव्वा, नको!" अप्पा ओरडत बाहेर आले. "माज्या बापाचं घर हाय ते!"

"म्हणूनच माझ्या बापावर पडू देणार न्हाई! कधी हलणार ते मला सांगता येत नाही. हललं की काय पडणार, ते सांगता येतं!"

"लोक येडी म्हनतील!"

"म्हणू द्या. येडी ठरले तरी बाप जिवंत राहील."

टिकाव चालूच राहिला. थोड्या वेळानं छपराला भोक पडलं आणि घरात ऊन उतरलं. अप्पा कन्नडात शिव्या देत होते, मराठीत देत होते. गाठोडं मात्र त्यांनी अंगणातल्या कडुलिंबाखाली नेऊन ठेवलं.