धुराड्याचा रकाना

“या विश्वात काहीही नाहीसं होत नाही,” वाफसाहेबांनी इस्पितळाच्या खाटेवरून जाहीर केलं, आणि लगेच बायकोला विचारलं, “माझी कवळी कुठे गेली?”

“तोंडात आहे,” बायको म्हणाली. “उगाच का एवढं ठणकावून बोलता येतंय.”

चौतीस वर्षं बॉयलर निरीक्षक म्हणून काढलेल्या या माणसाला वाफसाहेब हे नाव कारखान्यांतल्या कामगारांनीच चिकटवलं होतं. उद्या सकाळी त्यांचा गुडघा बदलायचा होता. वर्षभर ते घराच्या दुसऱ्या मजल्यावरून सहसा खाली उतरले नव्हते. वजन नव्वदच्या आत आणा, असं सर्जननी बजावलं होतं, आणि दोन महिन्यांत सात किलो उतरवून ते एकोणनव्वदवर आलेही होते. आता संमतीच्या कागदावर तेवढी सही बाकी होती. ती करायला वाफसाहेब तयार नव्हते. ते सात किलो कुठे गेले, याचा त्यांना पत्ता लागत नव्हता.

त्यांनी बॉयलरची ठेवतात तशी स्वतःची नोंदवही ठेवली होती. आत गेलेलं अन्नपाणी ग्रॅममध्ये. बाहेर पडलेलंही ग्रॅममध्ये. ते कसं मोजलं हा विषय जेवताना काढायचा नाही, असा बायकोचा हुकूम होता. घामापोटी त्यांनी सढळ हाताने सूटही दिली होती. तरी ताळा बसत नव्हता.

“गळती आहे,” ते मुलीला म्हणाले. मुलगी कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची आणि तास संपवून थेट इथे आली होती. “गळती सापडल्याशिवाय दुरुस्तीला हात लावायचा नाही, हा नियम आहे.”

“बाबा, ही तारीख हुकली तर पुढची आठ महिन्यांनी आहे.”

“आणि आठ महिने तुमचा चहा-पेपर दुसऱ्या मजल्यावर मी चढवायचा,” बायको म्हणाली.

मुलीने वही मागितली. दोन महिन्यांची पानं शांतपणे उलटली, आणि सवयीने लाल पेन बाहेर काढलं.

“यात धुराड्याचा रकाना कुठे आहे?”

“धुराडं?”

“भट्टीला धुराडं असतं ना? तुम्ही नाक मोजलंच नाहीत.”

वाफसाहेबांचा हात आपोआप नाकाकडे गेला.

“आपण खातो त्यातल्या बऱ्याचशाचं ग्लुकोज होतं,” मुलगी वर्गात सांगावं तसं सांगू लागली. “त्यात सहा कार्बन. पेशीत आधी त्याचे तीन-तीनचे दोन तुकडे पडतात. मग ते आतल्या भट्टीत जातात, मायटोकॉन्ड्रियात. तिथे एकेक कार्बन सुटतो, कार्बन डायऑक्साइड होतो आणि श्वासातून बाहेर पडतो. हायड्रोजनचं शेवटी ऑक्सिजनशी जमतं, त्याचं पाणी होतं. या सगळ्यात सुटणाऱ्या ऊर्जेवर पेशी आपल्या चिमुकल्या बॅटऱ्या चार्ज करून घेते. तुमची चरबीही अर्ध्या वाटेवरून त्याच भट्टीत शिरली.”

“म्हणजे माझे सात किलो...”

“बहुतेक सगळे नाकावाटे.”

वाफसाहेब सुन्न झाले. धुराड्याचा रकाना कोरा सोडला म्हणून एका लाँड्रीवाल्याला त्यांनी लागोपाठ तीन नोटिसा धाडल्या होत्या. तो बिचारा दारात येऊन रडला होता, तरी ते पाघळले नव्हते.

“मग मी यांच्यापायी चाळीस वर्षं उसासे टाकतेय,” बायको म्हणाली, “माझं का नाही उतरत?”

“आई, बिस्किटं.”

वाफसाहेबांचं लक्ष नव्हतं. “किती तापमानाला जळतं हे?”

“सदतीस अंशांना.”

“सदतीसला काडेपेटीसुद्धा पेटत नाही. आणि भट्ट्या किती?”

“तीसेक लाख कोटी पेशी आहेत. रक्तातल्या तांबड्या सोडल्या, त्यांच्यात एकही भट्टी नसते, तर बाकी बहुतेकींत शेकड्याने.”

“तपासणी कोण करतं?”

“कुणी नाही.”

“परवाना?”

“बाबा.”

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ज्याने जन्मभर एकेका बॉयलरभोवती टॉर्च घेऊन फेऱ्या मारल्या, शिट्टी नसलेला एकही चालू दिला नाही, तो माणूस एकोणसत्तर वर्षं अगणित विनापरवाना भट्ट्या पोटाशी घेऊन फिरत होता. झोपेतसुद्धा. लग्नात फोटोला उभा होता तेव्हासुद्धा. त्यांनी श्वास रोखून धरला.

“अहो, सोडा तो,” बायको घाबरून म्हणाली. “जाऊ द्या किती ग्रॅम जातंय ते.”

त्यांनी सोडला. स्वतःच्या श्वासाकडे ते पहिल्यांदाच इतक्या अविश्वासाने बघत होते. तेवढ्यात सिस्टर कागद घेऊन आत आली.

“काका, करताय ना सही? सर विचारताहेत.”

वाफसाहेबांनी आधी वही ओढली, पट्टी मागितली, सरळ रेघ मारून नवा रकाना पाडला आणि वर ‘धुराडं’ असं लिहिलं. खाली शेरा: ‘गळती नाही. निरीक्षकाची चूक.’ चौतीस वर्षांत असा शेरा त्यांनी कुणाच्याच वहीत मारला नव्हता. मग कागदावर सही केली.

सिस्टर कागद घेऊन वळली, तशी त्यांनी हाक मारली.

“सिस्टर, जाता जाता ती खिडकी तेवढी उघडा. आत चौघं जळतोय.”