मेलेला कॉम्प्युटर आणि फिटरची साक्ष

कॉम्प्युटर मेला तेव्हा हॉलमध्ये चारशे माणसं होती, पण कुणी खोकलंसुद्धा नाही.

देवासच्या कारखाना-वसाहतीतला गणेश मंडळाचा हॉल. सन २००७, फेब्रुवारीतला रविवार, सकाळचे साडेदहा. व्यासपीठावर पुनर्भवानंद महाराज बसलेले, शेजारी टेबलावर कॉम्प्युटर. त्याचा पडदा प्रोजेक्टरनं भिंतीवर एवढा मोठा पाडलेला की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनाही चष्म्याशिवाय दिसावा. मंडळाचे सचिव चिंतामणी काका महाराजांच्या आज्ञेनं माउस धरून बसले होते. आत जे जे होतं ते सगळं त्यांनी एकेक करून पुसून टाकलं, मग कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. भिंत काळी झाली. वर इंग्रजीत एकच ओळ उमटली, तिचा अर्थ असा की या यंत्रात आता काहीही उरलेलं नाही.

"मेला?" महाराजांनी विचारलं.

"मेला, महाराज," चिंतामणी काका घाबरून म्हणाले. आपल्या हातून गोहत्या झाली असा त्यांचा चेहरा होता.

"अरे, मरतं कोण? मरना मतलब क्या? तारीख चुकली, बस! ईश्वराच्या दरबारात प्रत्येक तारखेची प्रत असते, बेटा. आपण फक्त मागच्या तारखेवर जायचं." असं म्हणून महाराजांनी यंत्रावर आणि प्रोजेक्टरच्या भिंगावर भगवं वस्त्र टाकलं, वस्त्राखाली हात घालून अंगारा फुंकला आणि अकरा वेळा कसलासा मंत्र म्हटला. वस्त्र उचललं. भिंतीवर समईचं तेच चित्र, तोच अर्धवट टाइप केलेला श्लोक, श्लोकाच्या शेवटी लुकलुकणारी तीच रेघ. आणि कोपऱ्यातल्या घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं! हॉलच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते.

बायकांनी हात जोडले. कुणीतरी रडायलाच लागलं. तरीही इथवर हा नुसता तमाशा होता, आणि तमाशा पाहून माणसं घरी जातात. महाराजांना त्याहून जास्त काही हवं होतं, म्हणून त्यांनी सुभाषला वर बोलावलं.

सुभाष निंबाळकर कारखान्यात मेंटेनन्स फिटर. त्याचे वडील साताऱ्याहून इथं कामाला आले, तो इथंच जन्मला. पेचकसाचं, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हरचं, टोक चालू यंत्राला टेकवायचं, मुठीला कान लावायचा आणि आतलं कुठलं बेअरिंग जायला आलंय ते सांगायचं, ही त्याची ख्याती. त्याचं निदान कधी चुकत नसे. वसाहतीत म्हणत, सुभाष भियानं, म्हणजे सुभाषभाऊनं, सांगितलं मतलब झालं.

"फिटरसाहेब, खोला डबा," महाराज म्हणाले. "कुठं वायर लपवलीय, कुठं दुसरं यंत्र ठेवलंय, शोधा. आम्हाला अंधभक्त नकोत."

सुभाषनं स्वतःच्या पेचकसानं कॅबिनेट उघडलं. आत एकच डिस्क. बाहेर जाणारी वायर नाही, टेबलाखाली काही नाही. मग त्याच्या सांगण्यावरून सगळा प्रयोग पुन्हा झाला आणि पूर्ण वेळ तो पेचकस डब्याला टेकवून, कान लावून बसला. यंत्र पुन्हा मेलं, पुन्हा उठलं. सुभाष उभा राहिला आणि माइकवर म्हणाला, "पहिल्यापासून शेवटपर्यंत आवाज एकदम एकसारखा होता. डब्याच्या आत कुणीही हात घातला नाही. मी याची साक्ष देतो."

चारशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. आपल्या हुशारीचा एवढा अभिमान त्याला आयुष्यात कधी वाटला नव्हता. माणूस फसतो तेव्हा बहुतेक वेळा असाच खुशीत असतो.

त्याला लोभ होता, पण पैशाचा नाही. त्याची मुलगी सृष्टी चौदा वर्षांची होती, आणि दीड वर्षापूर्वी तिला मधुमेह निघाला होता. लहानपणी होतो तो, ज्यात शरीर इन्सुलिन बनवायचंच थांबवतं. दिवसातून तीन सुया. प्रत्येक सुईला सुभाष तोंड फिरवत असे.

कार्यक्रमानंतर महाराजांनी आजाऱ्यांना एकेक करून आत बोलावलं. निंबाळकर नवरा-बायकोला त्यांनी विचारलं, "मुलगी ठणठणीत होती ती शेवटची तारीख सांगा."

"दोन हजार पाचची गणेशचतुर्थी," सुभाषची बायको शुभदा म्हणाली.

महाराजांनी ती तारीख कॉम्प्युटरमध्ये टाइप केली. "अकरा दिवस. अंगारा सकाळ-संध्याकाळ. पण सुई बंद! सुई देहाला आजच्या तारखेला खिळवून ठेवते. खिळा काढल्याशिवाय मागं कसं जाणार, भिया?"

सोमवारी सकाळी सुई बंद झाली.

मंगळवारी सृष्टीनं घागरभर पाणी संपवलं. रात्रीतून ती सारखी उठत होती. बुधवारी सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. शुभदानं महाराजांच्या मुक्कामी फोन लावला. तिकडून शिष्य म्हणाला, "उत्तम! दीड वर्षाचं विष बाहेर पडतंय. घाबरून सुई दिलीत तर मुलगी मध्येच अडकेल, मग आमची जबाबदारी नाही." हे शेवटचं वाक्य शुभदाच्या काळजात रुतलं. तिनं सुईची पेटी कपाटात टाकून कुलूप लावलं आणि देवापुढं जाऊन बसली.

दुपारपर्यंत सृष्टी खोल, भराभर श्वास घ्यायला लागली. "बाबा, पानी द्या ना," एवढंच तिला बोलता येत होतं. सुभाष उशाशी बसून तिच्या छातीचा आवाज ऐकत होता. यंत्राचा असा आवाज ऐकला असता तर त्यानं धावत जाऊन बटण बंद केलं असतं. पोटच्या पोरीपाशी मात्र तो अंगाऱ्याची पुडी घेऊन बसून राहिला. सांगताना राग येतो, पण घडलं ते असं.

दोनच्या सुमारास कमल आली. कमल म्हणजे शुभदाची थोरली बहीण, धारच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळणारी. शुभदानं फोनवर प्रयोगाची सगळी हकीकत सांगितली तेव्हा तिचा आवाज ऐकून कमलनं पहिली बस पकडली होती. ती आत आली, सृष्टीवर वाकली. पोरीच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता.

"सुई कधी दिली?"

शुभदानं कुलूप लावलेल्या कपाटाकडं पाहिलं.

"सुभाषराव, मी विचारतेय, सुई कधी दिली?"

"रविवारी. कमलताई, आठ दिवस राहिलेत फक्त. तुम्ही नव्हता तिथं. मी माझ्या हातानं डबा खोलून पाहिलाय. मेलेलं यंत्र..."

"यंत्र मेलं तेव्हा आवाज बदलला?"

"नाही ना! तेच तर! एकदम एकसारखा."

"पडद्यावर यंत्र बंद झालं, पुन्हा चालू झालं. आणि आवाज एकसारखा?" कमल सृष्टीला उचलता उचलता बोलत होती. "तुमच्या घरचा कॉम्प्युटर बंद करून चालू केला तर काय ऐकू येतं?"

सुभाषनं आठवून पाहिलं. पंखा थांबतो. मग तो जोरात उचल खातो. एक बीप येते, डिस्क खडखडते. हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं.

"म्हणजे... यंत्र बंदच झालं नव्हतं?"

"नव्हतं. बाकीचं रिक्षात सांगते. पाय धरा तिचे, उचला!"

त्यानं उचललं. देवासच्या दवाखान्यात डॉक्टरांनी रक्तातल्या साखरेचा आकडा पाहिला, श्वास पाहिला, सलाईन आणि इन्सुलिन सुरू केलं आणि सरळ सांगितलं, "रक्तात आम्ल साठलंय. आज संध्याकाळपर्यंत ठेवली असती तर हाती लागली नसती. अजूनही मी खात्री देत नाही." काचेच्या पलीकडं सृष्टी निपचित पडली होती. अलीकडच्या बाकावर कमलनं सुभाषला समजावून सांगितलं.

"याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका कॉम्प्युटरच्या पोटात दुसरा कॉम्प्युटर चालवायचा. तो लोखंडाचा नसतो, नुसता प्रोग्रॅम असतो. त्याला वेगळी विंडोज, वेगळी डिस्क, वेगळं घड्याळ, सगळं नकली. पडदाभर तोच उघडला की पाहणाऱ्याला वाटतं खरा कॉम्प्युटर हाच. आमच्या लॅबमध्ये असले तीस आहेत. परीक्षेचं एक जुनं सॉफ्टवेअर जुन्या विंडोजवरच चालतं, ते त्यात चालवतो. शिवाय पोरं रोज काहीतरी पुसतात, व्हायरस आणतात. म्हणून सकाळीच त्याची आहे ती अवस्था जतन करून ठेवायची. मग त्याचं काहीही वाटोळं होऊ दे, दोन बटणं दाबली की अर्धवट वाक्य आणि घड्याळासकट सकाळ परत. हा चमत्कार मी दिवसातून सहा वेळा करते, सुभाषराव. मला कुणी हार घालत नाही."

"आणि मी डबा खोलून बसलो..."

"तुम्ही बाहेरचा डबा खोललात. लबाडी डब्यात नव्हतीच, वस्त्राखालच्या कीबोर्डावर होती."

सुभाषनं काचेतून सृष्टीकडं पाहिलं. मग म्हणाला, "ताई, माझ्या शब्दावर आणखी किती जणांनी औषधं सोडली असतील?"

पुढच्या रविवारी हॉल आधीपेक्षा जास्त भरला होता. निंबाळकरांची मुलगी दवाखान्यात असल्याची कुणकुण महाराजांना होतीच, म्हणून सुरुवातीलाच त्यांनी पवित्रा घेतला. "काही भक्तांचा धीर सुटला. खिळा पुन्हा ठोकला. आता जे होईल ते त्यांचं कर्म!" हॉलमधून एक सुस्कारा गेला. लोक सुभाषकडं असे वळून पाहू लागले की जणू त्यानंच पोरीला ढकललं होतं. कुणी शेजारी बसेना.

सुभाष उठला आणि व्यासपीठावर चढला. "महाराज, मागच्या वेळी मी लोखंड तपासलं. आज कीबोर्ड तपासतो."

"बसा, फिटरसाहेब! श्रद्धेची एकदाच परीक्षा..."

"होऊन जाऊ द्या, महाराज," चिंतामणी काका भोळेपणानं म्हणाले. "परत यश तुमचंच."

शिष्य पुढं येईपर्यंत सुभाषनं कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरलं आणि एंटर मारलं. कमलनं दवाखान्यातल्या बाकावर बसून हेच त्याच्याकडून पाठ करून घेतलं होतं.

समईचं चित्र आक्रसून पाटीएवढं झालं. त्याच्याभोवती दुसराच, खरा कॉम्प्युटर भिंतीवर पसरला. त्यावर सिनेमाच्या गाण्यांचे फोल्डर होते आणि महाराजांचा अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव होता. बाजूला एक यादी होती, त्यात जतन केलेल्या अवस्था ओळीनं मांडल्या होत्या: उज्जैन रविवार, धार रविवार, देवास पहिला, देवास दुसरा. खऱ्या घड्याळात अकरा वाजून चार मिनिटं झाली होती, हॉलच्या घड्याळाइतकीच.

"ही माया आहे!" महाराज ओरडले. "वस्त्र आणा!"

कमलनं खालून येऊन माउस हातात घेतला. वस्त्र नाही, अंगारा नाही, मंत्र नाही. तिनं आतलं नकली यंत्र पुसून मारलं, यादीतल्या 'देवास पहिला'वर टिचकी दिली, आणि मागच्या रविवारची दहा वाजून दहा मिनिटं परत आली. तिनं पुन्हा मारलं, पुन्हा उठवलं. तिसऱ्या वेळी कुणीतरी हसलं. पण बरेचजण हसत नव्हते. मागून एकजण म्हणाला, "मशीन खोटं असेल, पण महाराजांत शक्ती आहे, यार."

सुभाषनं माइक घेतला.

"माझी पोर अजून दवाखान्यात आहे. काल तिनं डोळे उघडले. डॉक्टर म्हणतात, वाचेल. मी तिला तीन दिवस माझ्या हातानं मारत होतो, आणि मला वाटत होतं मी भक्ती करतोय. मागच्या रविवारी मी इथं उभा राहून साक्ष दिली. ती खोटी होती. मला जे ऐकू आलं तेच फसवणुकीचा पुरावा होतं, पण मला चमत्कार हवा होता, म्हणून मी विचारच केला नाही. हे यंत्र मागं जातं, कारण कुणीतरी आधी त्याची प्रत ठेवलेली असते. माणसाची प्रत कुणीही ठेवलेली नाही. कुठल्याही महाराजाकडं नाही. तुम्हाला कुणी काही दाखवलं तर विचारा, हे कसं झालं? उत्तर मिळेपर्यंत विचारा. आणि माझ्या शब्दावर ज्यांनी गोळ्या सोडल्यात, सुया सोडल्यात, त्यांनी आता माझ्याकडं बघत बसू नका. डॉक्टरकडं जा. आज, आत्ता."

महाराजांचा शिष्य घाईघाईनं वायरी गुंडाळू लागला होता. हॉलमध्ये कुणी हललं नाही. लाज वाटत असावी. फसल्याचं कबूल करण्यापेक्षा फसत राहणं लोकांना सोपं जातं. मग दुसऱ्या रांगेतून ऐंशीच्या घरातल्या नर्मदाबाई काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांचा डावा हात जरा लोंबत होता आणि शब्द तोंडात अडखळत होते.

"मी ब्लडप्रेशरची गोळी सहा दिवस घेतली नाही रे, सुभाष," त्या म्हणाल्या. "सकाळपासून हा हात उचलत नाही. मला वाटलं, मागं चाललेय."

कमल धावली. चिंतामणी काका रिक्षा आणायला दाराकडं पळाले. त्यांच्यामागं एकजण उठला, मग एक बाई, मग रांगच्या रांग.