निळी बशी

शेजारच्या ॲलिसनबाई ॲपल पाय घेऊन आल्या, तो एका निळ्या बशीतून. बशीच्या एका कडेला बांबू, त्यावर चिमणी, शेजारी अर्धाच हातपंखा आणि बाकी सगळी कोरी. चित्रकाराला मधेच कुणी जेवायला हाक मारली असावी.

शेजाऱ्याचं भांडं रिकामं पाठवू नये, ही माझ्या आईची शिकवण. मी बेसनाचे लाडू रचून बशी परत केली. आठवड्याने बशी मफिन घेऊन पुन्हा हजर. मी गुळपोळ्या दिल्या. तिसऱ्यांदा बाई आल्या त्या रिकामी बशी घेऊन. हातात ठेवली आणि लगेच निघून गेल्या.

माझं डोकं चालेना. गुळपोळी बाधली की काय? माझ्या नवऱ्याने, रविकांतने, बशी डोक्याच्या वर उचलून तळाचा शिक्का फोनवर शोधला.

"सुरेखा, ही व्हिक्टोरियाच्या काळातली आहे. तेव्हा विलायतेत जपानी नक्षीची फॅशन होती. चित्र कागदावरून मातीच्या भांड्यावर छापायचे. प्रॉपर अँटिक आहे गं."

मला धडकीच भरली, कारण त्याच बशीत मी तासापूर्वी पोहे भरून ठेवले होते. उपसून पाहिलं, तर चकाकीखालच्या बारीक तड्यांत हळद उतरलेली. घासघास घासली, चिमणी पिवळी ती पिवळीच. आता त्यांना तोंड कसं दाखवायचं? पण बशी परत द्यायलाच हवी होती. पोहे पुन्हा भरले आणि गेले.

त्यांच्या घरात खोकीच खोकी. घर विकलं होतं, शनिवारी त्या लेकीकडे रेजिना शहरात राहायला निघाल्या होत्या. मी चाचरत हळदीचं सांगितलं. त्यांनी मलाच खाली बसवलं.

"आईच्या सेटमधली एकेक वस्तू मी आवडत्या माणसांना देते आहे," त्या म्हणाल्या. "तू दोनदा परत केलीस. म्हणून रिकामी दिली. आज पुन्हा आणलीस. तुला नकोच आहे का?"

मला फार लाज वाटली. पोह्यांसकट बशी पोटाशी ओढली आणि हवी आहे म्हणाले.

शनिवारी ट्रक निघताना मी त्यांना लाडू दिले. लाडवांचा डबा स्टीलचा, देश सोडून इकडे येताना आईने मला दिलेला. तो परत पाठवायचा नाही, असं मी दोनदा बजावलं.